तुम्ही विचारलंत म्हणून: मीठ मोजून का घालते

ओट्यावर काटा दिसला की पाहुण्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. ‘हे काय, स्वयंपाकघर आहे की प्रयोगशाळा?’ त्यानंतर प्रश्न येत नाही, आठवण येते. ‘आमची आई कध्धी काही मोजायची नाही, पण चव म्हणशील तर...’ पुढचं मला पाठ आहे. आत्या तर तोंडावर म्हणाली, अन्नाला तराजू लावला की बरकत जाते. आजवर हसून वेळ मारून नेली. आता एकदाच काय ते सांगते.

आधी त्या बरकतीचं बघू. ‘आमच्याकडे सगळं अंदाजाने’ असं मिरवणाऱ्या घरांतूनच उन्हाळ्यात मसाल्याची यादी निघते. धणे किलोभर, सुकं खोबरं पाव किलो, तीळ एवढे, दगडफूल तेवढं, नागकेशर आणि लवंग तर तोळ्यावर. वाणी ते काट्यावर तोलूनच पुड्या बांधतो, मग ते भाजून डंकावर जातं. वर्षभराच्या आमटीची चव त्या एका दिवशी मोजूनमापून ठरते आणि मग रोज त्यातला चमचाभर घालून आपण अंदाजाचा टेंभा मिरवतो. जुन्या पाककृतींतही शेर, पावशेर, तोळा असायचेच की. काटा काही मी सासरहून किंवा साता समुद्रापलीकडून आणलेला नाही.

वाटीचं म्हणाल, तर आमच्याच घरातल्या तीन वाट्यांत तीन मापांचं पाणी बसतं. ‘एक वाटी गूळ’ म्हणजे चिरलेला, किसलेला की दाबून भरलेला? बारीक मीठ पाच मिलिलिटरच्या चमच्यात सपाट भरलं तर साधारण सहा ग्रॅम येतं, आणि खडेमीठ त्याच चमच्यात कमी बसतं.

हे सगळं खरं आहे, पण माझं कारण हे नाही. माझं कारण अण्णा.

अण्णांच्या हृदयाचं पंपिंग कमी झालं होतं. पायांना सूज, बोटाने दाबलं की खळगा पडून राहायचा. रात्री आडवं झालं की धाप लागायची, मग उशा रचून बसूनच झोप. दवाखान्यात ठेवलं, औषधांनी अंगातलं पाणी काढलं. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, दिवसाचं मीठ पाच ग्रॅमच्या वर जाता कामा नये, सगळं धरून. आई लगेच म्हणाली, ‘तशीही मी चिमूटभरच घालते.’ थोड्याच दिवसांत सूज परत आली.

तेव्हा मी काटा आणला. सोनाराकडे असतो तसला छोटा, ग्रॅमचा दहावा भाग दाखवणारा. संध्याकाळची वेळ, आई तुरीच्या डाळीची आमटी करत होती, आमसुलं नुकतीच पडली होती. मी म्हटलं, ‘आई, आज पातेल्यात टाकायच्या आधी मीठ या वाटीत टाक ना.’ तिने नेहमीसारखा सटात हात घातला. पाची बोटं जुळवून एकदा, तशीच दुसऱ्यांदा, आणि मग बोटांना चिकटलेलं झटकून ‘हे एवढं’ म्हणून आणखी थोडं. काट्यावर आकडा आला 16.4. आमटी पाच माणसांची. अण्णांना भातावर लागायची आणि वर वाटीतून ओरपायलाही, म्हणजे त्यांचा वाटा दीड माणसाचा. एकट्या आमटीत पाच ग्रॅम संपले. भाजी, कणकेतलं मीठ, ताक, लोणच्याची फोड, सकाळचे पोहे हे सगळं बाहेरच राहिलं.

हा हिशेब मी मनात करू शकले असते. मी तो मोठ्याने केला.

आईने आकड्याकडे पाहिलं आणि गॅस बंद केला. म्हणाली, ‘म्हणजे त्यांच्या पायांत पाणी मीच भरलं, म्हण ना.’ मी ‘तसं नाही गं’ म्हणेपर्यंत ती पदराला हात पुसत बाहेर गेली होती. पानं वहिनीने वाढली. वाटीतलं मीठ वाटीतच राहिलेलं. अण्णांनी पहिला घास घेतला आणि विचारलं, ‘आज मीठ विसरलीस का गं?’ आई तिथे नव्हती, आणि आमच्यापैकी कुणी उत्तर दिलं नाही.

त्याच्या आधीची मी वेगळी होते. मापाचे चमचे वापरणाऱ्या वहिनीला मीच चिडवायची. ती जुनी मी अजून अधूनमधून भांडायला येते. म्हणते, आकडा बरोबर होता, पण त्याने आईचा हात गेला त्याचं काय? हे खोटं नाही. त्या संध्याकाळनंतर आई प्रत्येक गोष्टीला ‘किती घालू?’ विचारायला लागली. डोळे मिटून केलेल्या उपम्यालासुद्धा. मी तिला सांगते, उशा रचून बसलेल्या माणसासमोर हाताच्या चवीचं कौतुक किती करायचं? तिला ते पटत नाही. काही दिवस मलाही पटत नाही. अण्णा त्यानंतर बरीच वर्षं होते. मिठामुळे की औषधांमुळे, ते मी कुणाला सांगत नाही, कारण तसं वेगळं काढून सांगताच येत नाही.

सल्ले मात्र खूप आले. ‘सैंधव द्या, ते चालतं.’ सैंधवही बहुतेक सोडियम क्लोराइडच. आत्याने कमी सोडियमच्या मिठाचं पाकीट पाठवलं. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं, आणि हृदयाच्या काही औषधांबरोबर किंवा मूत्रपिंड कमकुवत असेल तर ते अंगाशी येऊ शकतं. पाकीट डॉक्टरांना दाखवलं, त्यांनी नको म्हटलं. पापडातला खार, ढोकळ्यातला सोडा, पाव यांतही सोडियम असतं, ते कुणाच्याच हिशेबात नव्हतं.

जमलं ते असं. अण्णांचा वाटा मीठ घालायच्या आधी वेगळा काढायचा आणि पानात वाढल्यावर त्यावर मोजलेलं मीठ भुरभुरायचं. शिजताना आत मुरलेल्या मिठापेक्षा वरचं मीठ जिभेला जास्त लागतं, म्हणून थोडक्यात भागतं. जोडीला लिंबू, भाजलेल्या जिऱ्याची पूड, ओलं खोबरं. सुरुवातीला ते चिडायचे. पुढे बाहेरचं जेवण त्यांनाच खारट लागायला लागलं.

आता तुम्हाला हवं ते. काटे दोन घ्या. पाच किलोचा, एकेक ग्रॅम दाखवणारा, पीठ-गुळासाठी, आणि छोटा मीठ-सोड्यासाठी. मोठ्या काट्यावर दोन ग्रॅम सोडा मोजायला जाऊ नका, तो तेवढा बारीक नसतोच. दहा रुपयांचं नाणं साधारण पावणेआठ ग्रॅमचं असतं, अधूनमधून ते ठेवून बघा. सेल उतरले की आकडा भलतीकडे जातो. गरम पातेलं काट्यावर ठेवू नका, मीठ वाटीत मोजून मग घाला. कणकेचं पाणी मी मोजत नाही, ते पीठ जुनं की नवं यावर ठरतं. मिरची मोजून उपयोग नाही, तिखटपणा वजनात नसतो. फोडणी, कोथिंबीर, आलं यांना काटा लावाल तर आत्याच्या बाजूने मी उभी राहीन.

आणखी काही विचारायचं असेल तर मला विचारा. आईसमोर मात्र काट्याचा विषय काढू नका.