मे महिना, वाचनालयाची वरची खोली आणि बाहेरचा कट्टा

सांगली म्हणजे बुद्धिबळाची पंढरी असं आमच्याकडे सगळे सहज म्हणून जातात आणि ते खरंच आहे, भाऊसाहेब पडसलगीकरांचं नूतन बुद्धिबळ मंडळ तिथलंच, महिला ग्रँडमास्टर स्वाती घाटे पण तिथलीच. आमचं मंडळ त्या पंढरीच्या वाटेवरचं एक बारकं गाव समजा. तालुक्याचं ठिकाण, वाचनालयाच्या वरची एक खोली, गुंडाळून ठेवायचे पट, आणि कुठल्या ना कुठल्या सेटमधला एक उंट कायम हरवलेला, त्याच्या जागी बाटलीचं बूच. शनिवारी पोरांचा क्लास, बाकी रोज संध्याकाळी रिटायर्ड मंडळी. पण मंडळात खरी जान यायची मे महिन्यात, वार्षिक स्पर्धेला.

चार दिवस चालायची. स्विस लीग, म्हणजे सारखे पॉइंट असलेल्यांची आपसात गाठ, एकदा खेळलेल्याशी परत खेळायचं नाही, आणि शक्यतो पांढरी काळी आलटून पालटून. आता हे सगळं कॉम्प्युटर दोन मिनिटांत करतो, तेव्हा आमचे पंच प्रत्येक खेळाडूचं एक कार्ड करायचे आणि राउंड संपला की ती कार्डं टेबलावर पसरून पत्ते लावल्यासारखी लावत बसायचे, तोवर कुणी पंखा लावायचा नाही, कार्डं उडतात! मे महिन्यात!! वर लोडशेडिंग होतंच, त्यामुळे तसाही फरक पडायचा नाही म्हणा.

घड्याळं मोजकीच, ती चावीची, लाल झेंडीवाली, म्हणून ती वरच्या बोर्डांवर. खालच्या बोर्डांवर डाव फारच लांबला तर पंच एक घड्याळ आणून ठेवायचे आणि उरलेला वेळ दोघांत वाटून द्यायचे, मग आत्तापर्यंत निवांत नखं खात बसलेला गडी एकदम घामाघूम. 'हात लावला की तेच खेळायचं' यावरून तर दरवर्षी एक तरी भांडण ठरलेलं, मी सोंगटी नीट ठेवत होतो, नाही तू उचललीस, आणि दोघांचे बाप दारातून आत डोकावतायत.

खोलीत टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता आणि खाली कट्ट्यावर नुसता बाजार. माझ्या मते खरी स्पर्धा तिथेच व्हायची. डाव संपला की दोघंही पट घेऊन खाली यायचे, हरलेला सांगणार मी जिंकलेलाच होतो, जिंकलेला म्हणणार कुठे जिंकलेला, वजीर इथे आला असता तर काय केलं असतंस, आणि तोवर भोवती जमलेल्यांपैकी कुणीतरी तिसराच हात घालून पाच चाली पुढे गेलेला असायचा. भडंग, कांदा, पन्हं. खेळताना तोंड न उघडणारी माणसं तिथे तासन् तास बोलायची. १९९५ मध्ये आनंद न्यूयॉर्कला कास्पारोव्हशी खेळला, पहिले आठ डाव बरोबरीत, नववा आनंदनं मारला आणि दहाव्यात लगेच कास्पारोव्हनं परतफेड केली, शेवटी मॅच गेली. तर तो नववा डाव आमच्या कट्ट्यावर पुढची कितीतरी वर्षं चालू होता!

शेवटच्या रात्री बक्षीस समारंभ. त्यात सगळ्यात मोठा आयटम म्हणजे बुखोल्झ. पॉइंट सारखे असले की ज्याचे प्रतिस्पर्धी जास्त पॉइंट मिळवून गेले तो वर, एवढंच आहे ते, पण दरवर्षी एक पालक उभा राहणार, "सर, आमच्या पोराचे पण साडेपाचच आहेत ना, मग तो चौथा कसा?" आणि सर परत पहिल्यापासून समजावणार.

ते आटपलं की म्हातारी मंडळी देशी डाव, म्हणजे जुन्या आपल्याकडच्या नियमांचं बुद्धिबळ, मांडायची. मला सगळ्यात जास्त आठवण येते ती याची. प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर, किल्लेकोट (कॅसलिंग) नाही, राजाला शह बसला नसेल तर एकदाच घोड्यासारखी उडी. आणि बुर्जी! समोरच्याचा नुसता राजा उरला की डाव बरोबरीत, त्यामुळे जिंकणाऱ्यालाच शत्रूचं एखादं मोहरं जिवापाड सांभाळावं लागायचं. प्याद्यानं मात केली तर मग विचारूच नका, आजोबा महिनाभर रुबाबात.

आता बरंच बदललंय. पोरं मोबाईलवर तीन तीन मिनिटांचे डाव खेळतात, पण येतात, आणि मुली जास्त येतायत हे मुद्दाम सांगतो. २०२५ मध्ये २८ जुलैला नागपूरच्या दिव्या देशमुखनं जॉर्जियात बाटुमीला टायब्रेकमध्ये कोनेरू हंपीला हरवून महिलांचा वर्ल्ड कप घेतला, १९ वर्षांची पोरगी, त्यातच ग्रँडमास्टर पण झाली, तेव्हा मंडळात एकाच लॅपटॉपभोवती एवढी गर्दी की मला नुसते आवाज ऐकू येत होते.

यंदा स्पर्धा एका दिवसाची रॅपिड, म्हणजे कमी वेळाच्या झटपट डावांची, करायची असं कमिटीचं म्हणणं. मला नाही पटलं, एक डाव संपतो न संपतो तोवर पुढचं पेअरिंग लागणार, मग कट्ट्यावर बसणार कधी? मीटिंगमध्ये बरंच वाजलं. शेवटी ठरलं की रविवारी रॅपिड, पण शनिवारी संध्याकाळी कट्ट्यावर देशी डाव, ज्याला शिकायचंय त्यानं यावं, फी नाही. फक्त पन्ह्याचा खर्च कुठल्या खात्यात टाकायचा यावर खजिनदार अजून अडून बसलेत.