कोळंबी बंद, बांगडा चालू

मालवणात राहून कोळंबीची अ‍ॅलर्जी! माहेरी सांगितलं तेव्हा भावाला आधी हसूच आलं. तिशी उलटेपर्यंत सुंगटां (म्हणजे कोळंबी), कुर्ल्या (खेकडे), तिसऱ्या (शिंपल्या) सगळं चापून खाल्लेली मी.

गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत रात्री तळहात खाजायचे. डॉक्टरबाईंनी ते हसण्यावारी नेलं नाही. त्या दिवसांत तळहात-तळपाय खाजले तर आधी यकृत तपासायचं, कारण रक्तात पित्ताचे क्षार वाढले असतील तर बाळाला धोका असतो. तपासण्या नॉर्मल आल्या आणि विषय तिथेच मिटला.

सव्वा महिन्याचं पथ्य संपल्यावर सासूबाईंनी हौसेने सुंगटांची आमटी केली. जेवण उरकतंय तोवर खालचा ओठ जड झाला. आरशात बघते तर ओठ सुजलेला, गळ्यावर नि काखेत लाल गांध्या, आणि खाज तर अशी की बाळाला नणंदेकडे द्यावं लागलं. "सुंगटां खावन कोणाक काय होता गो? उष्ण पडलां असतलां," सासूबाई म्हणाल्या. गावातल्या डॉक्टरांच्या गोळीने गांध्या बसल्या. पुढे एकदा शेजारी सुकट, म्हणजे वाळवलेली बारीक कोळंबी, भाजत होते, तर नुसत्या वासाने नाक गळायला लागलं आणि अंग खाजलं.

मग सगळ्यांनी मिळून माझं ताटच रिकामं केलं. मासे बंद, अंडी बंद, काजू, शेंगदाणे, वांगं बंद; अंगावर पाजतेय म्हणून दूधही बंद. उरलं काय, तर पेज आणि मुगाचं कढण. खरं सांगते, अ‍ॅलर्जीपेक्षा या उपासमारीने मी जास्त खंगले.

शेवटी नवऱ्याने गोव्यातल्या अ‍ॅलर्जीच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी आधी नुसते प्रश्नच विचारले. काय खाल्लं, किती वेळाने झालं, घरात आणखी कुणाला झालं का, बांगडा होता का? बर्फाशिवाय राहिलेल्या बांगड्यात हिस्टामाइन (अ‍ॅलर्जीत आपल्या शरीरातही सुटणारं रसायन) तयार होतं, ते शिजवूनही जात नाही, आणि खाणाऱ्याच्या अंगावर अगदी अ‍ॅलर्जीसारखं पुरळ उठतं. पण मग ते खाल्लेल्या बऱ्याच जणांना होतं. आमच्याकडे ते माझ्या एकटीलाच झालं होतं.

त्वचेवर टोचून करायच्या चाचणीआधी खाजेच्या गोळ्या काही दिवस थांबवाव्या लागतात. मला त्या सोडवत नव्हत्या, म्हणून रक्ताची आयजीई (अशा अ‍ॅलर्जीला कारण होणारी प्रतिपिंडं) तपासणी केली, तीही संशय होता तेवढ्याच पदार्थांची. शंभरेक पदार्थांची आयजीजी (वेगळ्या प्रकारची प्रतिपिंडं) तपासणी एका नातेवाइकाने सुचवली होती. त्यावरून अ‍ॅलर्जी ठरत नाही, पैसे घालवू नका, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं.

कोळंबी आणि कुर्ली, दोन्ही पॉझिटिव्ह. धुळीतले बारीक किडेही. या सगळ्यांत ट्रोपोमायोसिन नावाचं प्रथिन असतं आणि उकळूनही ते टिकतं. माशांच्या अ‍ॅलर्जीला कारण होणारं प्रथिन बहुधा वेगळंच असतं. माझी माशांची तपासणी निगेटिव्ह आली आणि मासे खाऊन मला कधी त्रासही झाला नव्हता. त्या आठवड्यात मी बांगड्याचं तिखलं खाल्लं, दोनदा भात घेऊन.

हे बाळंतपणामुळेच झालं का, हे मी खोदून विचारलं. कोळंबी-कुर्लीची अ‍ॅलर्जी अनेकांना मोठेपणीच सुरू होते. गरोदरपणात प्रतिकारशक्ती बदलते हे खरं, पण तुमच्या बाबतीत तेच कारण असं म्हणता येणार नाही, असं उत्तर मिळालं. बाळासाठी मी बाकी काही सोडायची गरज नव्हती.

आता आमच्याकडे माझी कढई नि झारा वेगळा. सोडे-जवळा (सुकवलेली कोळंबी) मागच्या पडवीतल्या चुलीवर होतो, तेव्हा मी तिकडे फिरकत नाही. खानावळीत मी तळलेला मासा मागवतच नाही, सुंगटां त्याच तेलात पडलेली असतात. श्वास अडकला, चक्कर आली किंवा उलट्या सुरू झाल्या तर गोळीवर विसंबायचं नाही, तडक दवाखाना गाठून मांडीत अ‍ॅड्रेनलिनचं इंजेक्शन घ्यायचं, हे घरातल्या सगळ्यांना पाठ आहे.

तिसऱ्यांचं अजून ठरलेलं नाही. त्या डॉक्टरांसमोर, दवाखान्यातच थोड्या थोड्या खाऊन बघायच्या आहेत. मुलगी अंगावरचं सोडेपर्यंत मीच ते पुढे ढकललंय.