कॉइल पडून राहिली की पॅनलवर रेघा का येतात

वाळूजच्या प्रेस शॉपमधे दर उन्हाळ्यात हेच, साध्या सीआर शीटची (थंड लाटलेल्या स्टीलच्या पत्र्याची) कॉइल तापलेल्या गोडाऊनमधे पडून राहते अन् मग ड्रॉ केलेल्या (साच्यात दाबून ओढलेल्या) पॅनलवर तिरक्या रेघा उमटतात, ट्यूबलाइटखाली तिरपं धरलं की लगेच दिसतात. पोरं डायवर, म्हणजे साच्यावर, खापर फोडतात, पण खोड स्टीलमधेच असते! मोकळा नायट्रोजन अन् कार्बन डिसलोकेशनपाशी (स्फटिकातल्या दोषरेषांपाशी) जाऊन बसतात, स्किनपासने (शेवटच्या हलक्या लाटण्याने) घालवलेला यील्ड पॉइंट परत येतो, म्हणजे पत्रा सगळीकडे सारखा न ताणता पट्ट्यापट्ट्यांनी ताणतो अन् त्याच ह्या रेघा, उष्णतेने तर अजून लवकर. ॲल्युमिनियम असलं की नायट्रोजन नायट्राइडमधे अडकतो, टायटॅनियम-नायोबियम कार्बनलाही धरतात, म्हणून आयएफ स्टीलला (इंटरस्टिशियल-फ्री, मोकळा कार्बन-नायट्रोजन नसलेल्या) हा त्रासच नाही. बेक हार्डनिंग (भट्टीत तापून कडक होणाऱ्या) ग्रेडमधे मात्र थोडा कार्बन मुद्दाम मोकळा ठेवतात अन् पेंटच्या भट्टीत १७० डिग्रीला २० मिनिटांत पार्ट कडक होतो, मला तर हे लई भारी वाटतं.