टर्बोचा विचार आणि आंबा घाट
आज रत्नागिरीहून आंबा घाट चढताना, चार माणसे आणि हापूसच्या पेट्या घेतलेल्या माझ्या बिनटर्बो पेट्रोल गाडीने दुसऱ्या गिअरवर जी धाप टाकली, ती ऐकून टर्बो बसवण्याचा जुना विचार पुन्हा उफाळला. परतीच्या वाटेवर साखरप्याला मेस्त्रींपाशी विषय काढला.

टर्बोत एक्झॉस्टच्या वायूंवर टर्बाइन फिरून इंजिनात जास्त हवा कोंबली जाते हे खरे. परंतु बिनटर्बो इंजिनाचे कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये हवा-पेट्रोलचे मिश्रण दाबले जाण्याचे प्रमाण) मुळातच १०-११ला १ असल्याने वाढीव दाबाखाली मिश्रण स्वतःहून पेटते, नॉकिंग होते म्हणजे इंजिनात ठोके पडतात आणि पिस्टनही फुटू शकतो. म्हणजे कोंबलेली हवा थंड करणारा इंटरकूलर, पेट्रोल फवारणारे मोठे इंजेक्टर, ईसीयूचे (इंजिन चालवणाऱ्या संगणकाचे) नवे मॅपिंग, टर्बोसाठी ऑइलची नळी हे सारे आलेच. (क्लच टिकेल का, हे विचारायचा धीर झाला नाही.) शिवाय १९८८च्या मोटार वाहन कायद्याचे गाडीत मनमानी बदल करायला मनाई करणारे कलम ५२ आहेच.

तूर्त एअर फिल्टर तेवढा बदलून घेतला.