मीठ लावून म्हातारी केलेली त्सुबा

त्या दिवशी टेबलावर आलेली जपानी तलवारीची त्सुबा बघताक्षणी मला खटकली. गंज फार सारखा होता. कडेवर, दोन्ही तोंडांवर, नक्षीच्या आतल्या भिंतींवर, सगळीकडे एकाच जाडीचा आणि एकाच केशरी रंगाचा. दीडदोनशे वर्षं हाताळलेलं लोखंड असं गंजत नाही. जिथे हात फिरतो तिथे ते काळंभोर, गुळगुळीत होतं आणि गंज सांदीकोपऱ्यात दडून बसतो.

मी टोकियोत जुन्या शस्त्रसामानाच्या दुकानात धातूच्या सफाईचं काम करते. त्सुबा म्हणजे तलवारीचं पातं आणि मूठ यांच्यामधली चकती, साधारण तळहातात मावेल एवढी. मूठ बांबूच्या खुंटीवर अडकवलेली असते. खुंटी काढली की त्सुबा हातात येते. १८७६ मध्ये सरकारने तलवार लावून फिरायला बंदी केल्यावर अशा असंख्य त्सुबा पात्यांपासून सुटून बाजारात आल्या. पात्याला इथे नोंदणीचा कागद लागतो, सुट्या त्सुबाला लागत नाही. त्यामुळे ती घेणं सोपं, आणि फसणंही.

घेऊन आलेले गृहस्थ निवृत्त शिक्षक होते, इआइदोचा, म्हणजे म्यानातून तलवार उपसण्याच्या जपानी कलेचा, सराव करणारे. ऑनलाइन लिलावात चांगले पैसे मोजून घेतलेली. नक्षी समुद्रकाकड्या या सागरी प्राण्यांची, दोन बाजूंना दोन लांबट पोकळ्या. ही नक्षी प्रसिद्ध जपानी तलवारबाज मियामोतो मुसाशीच्या नावाशी जोडली जाते, म्हणून सरावाच्या तलवारींवर तिच्या नकला भरपूर. "तेवढा गंज काढून चकचकीत करून द्या," ते म्हणाले.

चकचकीत हा शब्द ऐकला की माझ्या पोटात गोळा येतो. तारेचा ब्रश, घासणी, गंज काढायचं आम्ल यांनी किती चांगल्या त्सुबा नागड्या झालेल्या मी बघितल्यात! एकदा वरची काळी साय गेली की ती परत येत नाही. म्हणून आमच्याकडे आधी ओळख, मग सफाई.

लोहचुंबक चिकटला, म्हणजे जस्ताची नव्हे एवढंच कळलं. ओतीव लोखंडालाही तो चिकटतोच. भिंग लावलं. पातं जिथून जातं त्या भोकाच्या कडेला छिन्नीच्या घावांच्या खुणा असतात, भोक पात्यावर घट्ट बसावं म्हणून ठोकलेल्या. इथे त्या होत्या, पण कडा बोथट, जणू वितळलेल्या. भोकाच्या टोकांना तांब्याचे तुकडे दिसत होते. खऱ्या कामात तांबं आणि लोखंड यांच्यामध्ये केसाएवढी फट दिसते. इथे फट नव्हतीच. तुकडे साच्यातच आलेले आणि वर रंग दिलेला. नक्षीच्या आतल्या भिंतीवर कानशीच्या रेघा हव्यात. तिथे मध्यावरून एक बारीक आडवी शीर गेली होती, साच्याचे दोन भाग जुळतात तिथली.

तरीही दुकानाचे मालक म्हणाले, "शिंग लावून बघ." हरणाच्या शिंगाचं टोक तासून, थोडं तेल घेऊन आम्ही गंज खरवडतो. शिंग मोकळ्या गंजाला पुरतं, खालच्या काळ्या थराला दुखवत नाही. जुना गंज खवल्यांनी सुटतो आणि खाली गडद तपकिरी कातडी लागते. हा हळदपुडीसारखा पुसला गेला, आणि खाली निघालं उघडं, करडं, रवाळ लोखंड.

मी एवढाच भाग साफ करून थांबले. जूनमधला पावसाळा, हवा दमट. सकाळी बघितलं तर त्याच जागी केशरी थेंब फुटलेले. लोखंड असं पाझरू लागलं की मिठाचा संशय घ्यायचा. चकती शुद्ध पाण्यात उकळली आणि त्या पाण्यात नायट्रिक आम्लाचा थेंब आणि सिल्व्हर नायट्रेट टाकलं. पाणी दुधाळ झालं, म्हणजे मीठ होतंच. मालकांनी बजावलं की किनाऱ्यावरच्या घरात राहिलेल्या अस्सल त्सुबातही मीठ मुरतं. बरोबरच आहे. पण सारखा पसरलेला गंज, साच्याची शीर आणि मीठ एकत्र आल्यावर माझ्या मनात शंका उरली नाही. नवी ओतीव चकती मिठात भिजवून म्हातारी केली होती.

प्रतिकृती करण्यात मला काही वावगं वाटत नाही. सरावाच्या तलवारीला ओतीव त्सुबा पुरते, आणि ती तशीच म्हणून विकली तर त्यात फसवणूक कसली? राग येतो तो त्या मिठाचा. विकणाऱ्याने खोटं वय चढवलंच, वर धातूला आतून खात राहणारा रोग लावून दिला.

शिक्षकांना मी शीर भिंगातून दाखवली. ते बराच वेळ बघत राहिले. मग विचारलं, "वापरता येईल का?" येईल, मी म्हणाले, पण आधी मीठ काढावं लागेल. पाणी दुधाळ व्हायचं थांबेपर्यंत उकळणं, मंद उष्णतेवर वाळवणं आणि मेणाचा पातळ हात, एवढं केलं. काळा रंग मुद्दाम दिला नाही. करडी आहे तशी करडी राहू दिली. पावतीवर "ओतीव लोखंडाची नवी प्रतिकृती" असं लिहिलं आणि तसाच कागद डबीच्या झाकणाच्या आतून चिकटवला, म्हणजे उद्या ती दुसऱ्याच्या हाती गेली तरी कागद बरोबर जाईल.

भोक त्यांच्या तलवारीला जरा सैल होतं. खऱ्या तांब्याचे दोन तुकडे बसवून ते मी घट्ट करून दिलं.