अर्धी दाढी

मे महिन्यात आमच्याकडे दाढीचं पाणी तापवावं लागत नाही. दुपारी दोन वाजता गच्चीवरच्या टाकीतून जे येतं, त्यात चहापत्ती टाकली तर रंग सुटेल. जळगाव-भुसावळचा आकडा पंचेचाळीसवर गेला की पुण्या-मुंबईचे नातेवाईक फोन करून विचारतात, "कसे राहता रे तुम्ही तिथे?" अमळनेरचा आकडा रोज पेपरात येत नाही, पण ऊन काही धरणगावला उतरून घेत नाही.

तर परवा संध्याकाळी पारोळ्याला साखरपुडा होता, म्हणून भर दुपारी दाढीला बसलो. डावा गाल झाला. हनुवटीकडे वळणार, तेवढ्यात नळ दोनदा खोकला आणि गप्प झाला. टाकी रिकामी. मोटर लावायला गेलो तर लाईट नाही. हौदातून बादली काढावी म्हटलं, तर हौदाच्या झाकणावर चिरंजीवांची मोटारसायकल उभी, हँडल लॉक केलेलं, आणि किल्ली त्यांच्या खिशात, त्यांच्यासकट कॉलेजात. आरशासमोर परत आलो. डावी बाजू गुळगुळीत, उजवी पांढरीशुभ्र. फेस कुठला आणि केस कुठले, कळेना.

ओसरीतून माय ओरडली, "काय व्हयनं रे?"

म्हटलं, पाणी संपलं.

"नाना वाटीभर पानीमा दाढी करेत," ती म्हणाली आणि हातातला पंखा पुन्हा हलवू लागली.

खरं आहे. नाना वाटीभरच पाण्यात दाढी करायचे. नळाला पाणी चार-चार दिवसांआड येणाऱ्या गावात वाढलेला माणूस, नळ सोडून त्याखाली रेझर धुणं त्यांना बघवायचं नाही. एकदा मी तसं करताना त्यांनी पाहिलं आणि काही न बोलता नळ बंद करून निघून गेले. बोलले असते तर मी विसरलो असतो.

त्यांचं सगळं सामान एका बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात. दोन पाकळ्या उघडून पातं बसवायचा जड रेझर, केस गळून टक्कल पडत आलेला ब्रश, डबीतला गोदरेजचा गोल साबण, तुरटीचा खडा, आणि पेपराचे हाताएवढे कापलेले चौकोन. रेझरवरचा फेस त्या चौकोनावर पुसायचा, म्हणजे वाटीतलं पाणी गढूळ होत नाही. शेवटी ते चौकोन घडी करून चुलीत. चौकोन आदल्या रविवारी कापून ठेवलेले असत, सहा. सोमवारी दाढी नाही.

आरसा अंगणातल्या निंबाला खिळ्यावर. प्रताप मिलचा पहिला भोंगा झाला की नाना साबण लावायला घेत. डाव्या कल्ल्यापासून सुरुवात, खाली हनुवटी, मग उजवा गाल, आणि सगळ्यात शेवटी नाकाखालचा भाग. मिशी ते ठेवत नसत. नाकाचा शेंडा दोन बोटांनी वर धरून वरचा ओठ दातांवर ताणला की त्यांना बोलता येत नसे, नुसतं "हूं" निघे. आम्हा तिघा भावांना हा मुहूर्त पाठ होता. सखाराम महाराजांच्या यात्रेला पाळण्यात बसायचे पैसे, सहलीची परवानगी, प्रगतिपुस्तकावरची सही, सगळं त्या अर्ध्या मिनिटात विचारायचं. त्यांचं "हूं" कुठल्याही अर्थाचं असो, आम्ही ते होकारात धरायचो. पुढे त्यांच्या लक्षात आलं. मग ते नाक सोडून आधी "नाही" म्हणायचे आणि पुन्हा नाक धरायचे.

आजोबांना हे सगळं पोरखेळ वाटे. ते गावी राहायचे, आणि आयुष्यात त्यांनी स्वतःच्या हाताने स्वतःची दाढी केली नाही. रेझरला ते खुरपं म्हणत. त्यांच्याकडे न्हावीमामा यायचे, काखेत धोकटी. ओट्यावर दोघं समोरासमोर उकिडवे बसत. साबण नाही, ब्रश नाही. नुसत्या ओल्या बोटांनी मामा आजोबांचे गाल चोळत राहायचे. चोळता चोळता गावातली भांडणं, कपाशीचा भाव, कोणाची म्हैस व्याली. मला वाटायचं हे टाइमपास चाललंय. मामा म्हणायचे, दाढी भिजली म्हणजे अर्धी झाली. आता कळतं ते शब्दशः खरं होतं. केस पाणी प्यायला लागतो तसा नरम पडतो, पण त्याला दोन-तीन मिनिटं द्यावी लागतात. क्रीम आणि फोम नुसते ते पाणी गालावर धरून ठेवतात. आपण ट्यूब पिळतो, फासतो आणि लगेच ओढतो. मग गाल जळतो म्हणून वरून आणखी एक बाटली.

गाल भिजले की चामड्याच्या पट्ट्यावर वस्तरा, चट-चट, चट-चट. निघालेली दाढी मामा स्वतःच्या डाव्या मनगटावर पुसत. दाढी उरकेपर्यंत त्या मनगटावर आजोबांची आठवडाभराची पिकली दाढी. पैसे नाहीत. खळं झालं की ज्वारी घेऊन जायचे, वर्षाची एकदाच.

या पद्धतीला सुरुंग लावला तो एका अमेरिकन माणसाने. १९०४ साली किंग जिलेटला वापरून फेकायच्या पातळ पात्याच्या रेझरचं पेटंट मिळालं. नावातच राजा, आणि धंद्याची सगळी मेख फेकण्यात. लोकांनी पातं फेकलं तर पुढचं विकलं जाणार. बिचाऱ्याचा आमच्या घराशी कधी संबंध आला नाही. आमच्याकडे पातं फेकलं गेलंच नाही.

नानांचं टोपाझचं एक पातं आठ दाढ्या चालायचं. चार झाल्या की उलटं करून बसवायचं. त्याने काय फरक पडतो हे मला आजही समजलेलं नाही, कारण पात्याला धार दोन्हीकडे असते आणि रेझर काही एकाच बाजूने ओढत नाहीत. पण उलटं करायचं. आठ झाल्या की पातं मायच्या शिवणाच्या डब्यात. जुनी बाही उसवायला, काजं कापायला. तिथून धार गेली की आमच्याकडे, पेन्सिलीला. कागदासकट मध्ये वाकवून कट्‌कन मोडायचं; अर्धं मला, अर्धं मधल्याला. थोरल्याला कंपासातलं टोकयंत्र मिळालं होतं म्हणून तो बोलायचा नाही. त्या अर्ध्या पात्याने पेन्सिलीला जे लांब, टोकदार, सहा पैलूंचं टोक निघायचं ते कुठल्याही यंत्राला जमणार नाही. माझ्या डाव्या अंगठ्यावर त्याची एक पांढरी रेघ अजून आहे. रक्त आलं की नानांच्या डब्यातली तुरटी. चरचरायचं, रक्त थांबायचं, आणि तोच खडा पावसाळ्यात गढूळ पाण्याच्या घागरीत चार वेळा फिरवला जायचा. म्हणजे एकाच खड्याने गाल, बोट आणि घागर. आज या गोष्टीचा विचार करवत नाही, पण तेव्हा कोणी आजारी पडलं नाही.

पेन्सिलीलाही निकामी झालं की पातं खिडकीच्या चौकटीमागच्या फटीत. लहान मूल हात लावेल म्हणून. पुढे घर पाडलं तेव्हा गवंड्याने चौकट उपटली आणि आतून गंजलेल्या पात्यांची खपलीच्या खपली खाली पडली. तो म्हणाला, "बापरे, ह्या घरात किती माणसं होती?" म्हटलं, दाढीवाला एकच.

सलूनमधला अर्ध्या पात्याचा वस्तरा नंतर आला. नव्वदच्या दशकात भिंतीभिंतीवर एड्सच्या सूचना रंगल्या आणि गिऱ्हाईक खुर्चीत बसता बसता "नवीन ब्लेड हां" म्हणायला लागलं. तेव्हापासून कारागीर ते पातं आपल्या डोळ्यांसमोर उघडतो, मोडतो, अर्धं बसवतो. जादूगार रिकामी टोपी दाखवतो तसं. मी दर वेळी मान डोलावतो.

आमच्या चौकातल्या सलूनमध्ये आरशाच्या वर दोन तसबिरी आहेत. एक संत सेना महाराजांची, दुसरी जिवा महालांची. १६५९ साली प्रतापगडावर सय्यद बंडाचा हात हवेत छाटणारे जिवा महाला, ज्यांच्यावरून 'होता जिवा म्हणून वाचला शिवा' असं आपण म्हणतो. त्यांच्याखाली मान मागे टाकून, गळ्यावर वस्तरा घेऊन बसताना माणूस जरा आदबीने बसतो. सेना महाराजांची पुण्यतिथी श्रावण वद्य द्वादशीला. म्हणजे नेमकी श्रावणात, जेव्हा निम्मं गाव दाढी वाढवून हिंडत असतं आणि कारागीर खुर्चीत बसून स्वतःच पेपर वाचत असतात. देवाने यांना उत्सवासाठी सवड काढून दिली असावी.

आता मात्र वर्षभरच श्रावण. आमच्या वेळी माणसाची दाढी वाढली की कारण विचारायचे. कोणी गेलं का, नवस आहे का, की पोरीने नकार दिला? चौथं कारण नसायचं. आता नवरदेव दाढीनिशी बोहल्यावर चढतो. आमच्या चिरंजीवांकडे दाढीचं तेल आहे, दाढीचा कंगवा आहे, दाढीसाठी वेगळा साबण आहे. मी दाढी काढण्यावर महिन्याला जे घालवतो त्याच्या चौपट तो ती ठेवण्यावर घालवतो. एकदा मी म्हटलं, "अरे, नाना असते तर…" तर म्हणाला, "आजोबांना कूल वाटली असती." वाटली नसती. पण त्यांनी नळ बंद केला असता आणि निघून गेले असते.

वाटीचं सांगायचं राहिलं. ती वाटी मायची. १९६६ साली लग्नात तिच्या मामाने आंदणात सहा स्टीलच्या वाट्या दिल्या होत्या. तेव्हा स्टीलचं अप्रूप होतं, घरात बाकी सगळं पितळ. प्रत्येक वाटीवर ठिपक्याठिपक्यांनी तिचं नाव आणि लग्नाची तारीख. सासरी आल्यावर आठवड्याभरात नानांनी त्यातली एक दाढीला घेतली. विचारलं नाही, मांडणीवर पहिली दिसली ती उचलली. एकदा दाढीचा केस पडलेली वाटी चुलीपाशी परत येत नाही. सहाच्या पाच झाल्या. मग पुढची चाळीस-बेचाळीस वर्षं, घरात सहा माणसं जेवायला बसली की मायचा तोच पाढा. पाचांना स्टीलची वाटी, सहाव्याला पितळी. सहावा बहुतेक वेळा नानांनाच बसवलं जाई. शेवेच्या भाजीचा लालभडक रस्सा पितळी वाटीत वाढताना ती ऐकू जाईल इतपतच म्हणायची, "मनी एक वाटी ग्यी." आणि नाना भाकरी कुस्करत राहायचे. कधी भांडण नाही, कधी भरपाई नाही. बाजारात तशी वाटी मिळत होती. दोघांपैकी कोणी आणली नाही.

रिटायर झाले तरी नाना भोंग्याच्याच वेळेला आरशासमोर उभे राहायचे. शेवटच्या वर्षी हात कापायचा. मी म्हटलं, मी करून देतो, तर "हूं" म्हणाले. त्याचा अर्थ नाही असा होता, हे मला तोवर कळायला लागलं होतं.

दहाव्याला बोरीच्या पात्रात थेंब नव्हता. न्हावीमामांच्या मुलाने बाटलीतलं पाणी ओंजळीत घेऊन आम्हा तिघांची डोकी भिजवली. बराच वेळ चोळत होता. त्याने उजवीकडून सुरुवात केली, आणि मला उगीचच वाटलं की याला सांगावं, आमच्याकडे डावीकडून करतात.

नंतर घरी नानांचं दाढीचं सामान त्याला द्यायचं होतं. माय आतून तो बिस्किटाचा डबा घेऊन आली आणि वर वाटी ठेवली. राखेने घासलेली, लख्ख. थोरला म्हणाला, "माय, वाटी राहू दे. तुझी आहे ती."

"त्यासनीच व्हती," ती म्हणाली.

परवा लाईट चार वाजले तरी आली नाही. गालावरचा फेस वाळून पापुद्रा झाला, ओढ बसायला लागली, आणि पारोळ्याहून दोनदा फोन येऊन गेला. मी वैतागून टॉवेलने पुसायला लागलो, तेव्हा माय पंखा ठेवून उठली. गुडघ्यांवर हात ठेवत ठेवत माठापाशी गेली. मांडणीवरून काहीतरी काढलं, ओगराळ्याने पाणी घातलं आणि सांडू न देता ओसरी ओलांडून माझ्यापर्यंत आली. गार पाणी, काठोकाठ. कडेला ठिपक्यांचं नाव, अर्धं घासून गेलेलं.

"ले," ती म्हणाली, "आते चारच ऱ्हायन्यात."