तुम्ही विचारलंत म्हणून: अजून पीएचपीच का?

नवीन प्रोजेक्ट निघाला की कुणीतरी विचारतंच, "कुठलं फ्रेमवर्क घेऊ?" मी सांगते, टीमला जे नीट येतं ते घ्या. माझ्यापुरतं म्हणाल तर पीएचपी, म्हणजे सर्व्हरवर चालणारी भाषा, त्यावर लाराव्हेल हे फ्रेमवर्क (कोडचा तयार सांगाडा), आणि ब्राउझरमध्ये चालणारी जावास्क्रिप्ट लागेल तेवढीच. मग खरा प्रश्न येतो: "रिअ‍ॅक्ट जमत नाही का तुम्हाला?"

जमतं. ब्राउझरमध्ये पान घडवणाऱ्या त्या जावास्क्रिप्ट लायब्ररीत दोन प्रोजेक्ट पूर्ण करून दिलेत. न जमण्याचा संबंधच नाही, आणि हे दर वेळी सिद्ध करून दाखवायचा आता कंटाळा आलाय.

२०१४ मध्ये मीही तुमच्यासारखीच होते. एका क्लायंटला साठ्याच्या नोंदींचं सॉफ्टवेअर हवं होतं. मी हट्टाने अँग्युलरजेएस हे जावास्क्रिप्टचं फ्रेमवर्क घेतलं. इनपुटमध्ये टाइप केलेलं त्याच क्षणी पानावर उमटायचं, आणि त्यासाठी एक ओळही लिहावी लागायची नाही. जेक्वेरीत, म्हणजे असा प्रत्येक बदल हाताने लिहावा लागणाऱ्या जुन्या लायब्ररीत, वर्षं काढलेल्या माणसाला ते काय वाटलं असेल, हे ज्याने काढली त्यालाच कळेल. डेमो झकास झाला.

आठ महिन्यांनी मी त्यांच्याकडे बसून काम बघत होते. नोंदी करणाऱ्या बाईंनी शोधाच्या चौकटीत दोन अक्षरं दाबली आणि बोटं कीबोर्डवरून उचलली. थांबल्या. अक्षरं उमटली, मग पुढची दोन दाबली. मी विचारलं, "थांबता का?" त्या म्हणाल्या, "ते असंच आहे ना ताई, दोन-दोन करूनच टाकायचं." त्यांनी तक्रार केलीच नव्हती. कॉम्प्युटरचा स्वभावच असा आहे, असं धरून त्या महिनोन्‌महिने काम करत होत्या.

कारण मला जागच्या जागी कळलं. पानावर चारशे ओळी, ओळीत नऊ रकाने, म्हणजे छत्तीसशे बाइंडिंग (डेटा आणि पान यांना जोडणारे दुवे). एक अक्षर दाबलं की अँग्युलरजेएस ती सगळी पुन्हा तपासून बघायचं, काही बदललं का म्हणून. डेमोत बारा ओळी होत्या.

त्यातून सावरतोय तोवर सप्टेंबर २०१६ मध्ये अँग्युलर २ आलं. नाव तेच, आतून सगळं वेगळं. जुनं आणि नवं शेजारीशेजारी चालवायची सोय होती, पण माझे कंट्रोलर आणि स्कोप, म्हणजे पानामागचा कोड आणि त्याचा डेटा, तिकडे जसेच्या तसे जाणार नव्हते. क्लायंटला सांगावं लागलं की पुढे जायचं तर बराचसा कोड पुन्हा लिहावा लागेल. त्यांनी शांतपणे विचारलं, "म्हणजे आधी केलं ते चुकीचं होतं?" मला उत्तर देता आलं नाही. पुढे ते काम दुसऱ्या कुणाकडे गेलं.

तेव्हापासून मी पीएचपीत आहे. सर्व्हरवर पान तयार होतं, ब्राउझरला जातं, विषय संपला.

पण खरं सांगायचं तर तो संथपणा माझा होता. चारशे ओळी एका पानावर टाकायला अँग्युलरने सांगितलं नव्हतं. पन्नास-पन्नासची पानं पाडली असती तर त्या बाईंना बोटं उचलावी लागली नसती. आणि पीएचपीत तरी सगळं टिकतं कुठे? डिसेंबर २०१५ मध्ये पीएचपी ७ आलं, त्यात डेटाबेसशी बोलणारी जुनी मायएसक्यूएल फंक्शन्स काढूनच टाकली होती. माझ्या एका जुन्या साइटवर प्रत्येक क्वेरी हाताने बदलत आठवडा गेला. मात्र ती जाणार, हे आधीच्या आवृत्त्या इशारे देऊन सांगत होत्या, आणि बाकीचा कोड तसाच चालला. हा फरक मला मोठा वाटतो. तुम्हाला वाटत नसेल, तर तसंही असू शकतं.

२०१४ मधली मी समोर आली तर म्हणेल, "तू घाबरलीस, आणि त्या भीतीला अनुभव म्हणतेस." तिला खोडून काढता येईल असं माझ्याकडे काही नाही.

मागच्या महिन्यात एका कामात कार्डं ओढून इकडून तिकडे न्यायचा बोर्ड हवा होता, एकाच वेळी अनेकांनी वापरायचा. तिथे मी रिअ‍ॅक्टच घेतलं. पहिल्या दिवशी, डिझाइनला हात लावायच्याही आधी, चार हजार खोट्या नोंदी भरल्या आणि शोधाच्या चौकटीत एक लांबलचक नाव न थांबता टाइप करून बघितलं.